मशीनजवळची खुर्ची

संपादकांचा फोन आला. "मुनीरभाई, तुमच्या धंद्यातले गमतीचे अनुभव लिहून द्या. दिवाळीत वाचकांना जरा हसू द्या." मी हो म्हणालो आणि फोन ठेवल्यावर पहिला विचार मनात आला तो हा, की यांना माझ्याकडून नक्की काय काढून घ्यायचं आहे? तसं मी रजियाला, म्हणजे आमच्या बायकोला, बोलूनही दाखवलं. ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमकू तो चाय दिए तो भी पूछते, आज कायकू दिए?"

खरं आहे तिचं. पण ज्या माणसाने उभी हयात सेनगाव तालुक्यातल्या सभांना लाउडस्पीकर लावण्यात घालवली, त्याने संशयी नाही व्हायचं तर काय व्हायचं? लग्नं, उरूस, सप्ताह, कुस्त्या, झेंडावंदनं, सगळीकडे आमचे भोंगे वाजले. पण आमची खरी शाळा म्हणजे पुढाऱ्यांच्या सभा. आता डोळ्यांना तार दिसत नाही म्हणून दुकान पुतण्याच्या हवाली केलंय. तेव्हा खरं सांगायला हरकत नाही. थोडं खरं तरी.

ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे ॲम्प्लिफायरला मशीन म्हणतात. माइक, मशीन, भोंगे आणि वायर, एवढाच आमचा संसार. भोंगा कुठे बांधायचा यात निम्मं कसब असतं. माइक भोंग्याच्या तोंडासमोर आला की तो शिट्टी मारतो आणि लोक पुढाऱ्याला सोडून आमच्याकडे रागाने बघतात. म्हणून मशीन नेहमी स्टेजच्या कडेला, जरा मागच्या अंगाला ठेवतात. या जागेची गंमत अशी की समोर बसलेल्यांना फक्त भाषण दिसतं, आम्हाला भाषणाच्या आधीची कुजबुजही दिसते. हार कुणी आणला आणि कुणाच्या हातून घालायचं ठरलं, मधल्या खुर्चीवरून कुणाला हळूच उठवलं, कोण कुणाच्या कानाला लागलं, हे सगळं मशीनजवळून बघायला मिळतं. तिथे बसून बसून मी माणसं ओळखायला शिकलो, आणि त्यांच्यावर विश्वास ठेवायचं विसरलो.

धंद्यातलं एक गुपित फोडतो. सभेत माइक खराब होतो तो प्रश्न विचारायची वेळ आली की. सत्काराच्या वेळी माइक खराब झाल्याचं मला एकदाही आठवत नाही. सभेआधी कुणीतरी मशीनजवळ येतो, तंबाखूची पुडी पुढे करतो आणि म्हणतो, "मुनीरभाई, तो कोपऱ्यातला उठला की जरा बघून घ्या." बघून घ्या म्हणजे काय, हे ज्याला कळत नाही त्याने हा धंदा करू नये. बटण उजवीकडे फिरवलं की माणूस मोठा होतो, डावीकडे फिरवलं की तो नुसते ओठ हलवतो. मग आम्ही माइकवर दोन टिचक्या मारायच्या, वायर हलवून बघायची, कपाळाला आठ्या घालायच्या. लोक म्हणतात, माइक गेला. आणि पुढच्या विषयाला माइक आपोआप परत येतो.

पुढाऱ्याची ताकद कशात असते, असं मला कुणी विचारलं तर लोक सांगतात तेवढंच मी सांगणार नाही. पद, पैसा, दंड हे तर आहेच. पण मी त्याहून वेगळ्या ताकदी पाहिल्या. एक साहेब होते, ते सभेला मुद्दाम उशिरा यायचे. गाडी फाट्यावर उभी करून आत बसून चहा प्यायचे आणि मी इकडे घसा फोडून सांगायचो, "साहेब वाटेत आहेत." उन्हात बसलेल्या लोकांना वाटायचं, एवढा उशीर होतोय म्हणजे माणूस मोठाच असणार. वेळेवर येणाऱ्या एका सज्जन उमेदवाराला याच लोकांनी रिकामटेकडा ठरवून पाडलेलं मी पाहिलं आहे.

वसमतच्या बाजूला तर एक नमुनाच भेटला. हळदीच्या भागातली सभा होती. गावाची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळून बरेच दिवस झाले होते, उभी हळद वाळत होती, लोक चिडलेले. पुढारी उठला, खिशातून मोबाइल काढला, नंबर दाबला आणि माइकजवळ धरून गरजला, "साहेब, मी बोलतोय. आठवडा संपायच्या आत या गावात डीपी बसली पाहिजे. न्हाई बसली तर मी हापिसात येऊन बसतो." टाळ्यांचा कडकडाट. मी मात्र भोंग्याकडे कान लावून बसलो होतो. त्या काळचे मोबाइल असे होते की चालू फोन माइकजवळ आला की भोंग्यातून टिर्र टिर्र असा आवाज यायचाच. त्या दिवशी कसलाच आवाज आला नाही. फोन लागलाच नव्हता. गडी एकटाच बोलत होता.

मी मनात म्हणालो, चोर आहे लेकाचा. पण पुढची गोष्ट ऐका. आठवड्याच्या आत खरंच डीपी बसली. कारण सभेतून उठलेले लोक दुसऱ्या दिवशी जथ्याने विजेच्या हापिसात गेले आणि विचारू लागले, "साहेबांचा फोन आला व्हता ना?" आता, नव्हता आला असं कोणत्या तोंडाने सांगायचं? न जाणो, खरंच आला असेल आणि आपण उचलला नसेल, असं त्या अधिकाऱ्याला वाटलं असावं. न लावलेल्या फोनवर काम झालं. तेव्हापासून मी पुढाऱ्यांच्या खोट्यालाही जरा वचकून असतो.

पण हे सगळे पाहुणे पुढारी. आले, बोलले, गेले. ज्यांच्यामुळे मला अजूनही अधूनमधून माझ्या उजव्या हाताकडे बघावंसं वाटतं, ती माणसं एकाच गावची. पुसेगावच्या पुढे ते गाव आहे. नाव सांगत नाही, तिथून अजून पुतण्याला ऑर्डरी येतात.

त्या गावात अण्णा होते. अण्णा कधी निवडणुकीला उभे राहिले नाहीत, कधी स्टेजवर चढले नाहीत, कधी माइक हातात धरला नाही. पण गावात कुणाच्या पोरीचं लग्न कुठे ठरवायचं इथपासून सरपंच कोण व्हायचं इथपर्यंत सगळं अण्णांच्या ओट्यावर ठरायचं. ही सत्ता त्यांनी कुठून आणली? तर एका जुन्या जीपमधून. गावात दुसरी गाडी नव्हती तेव्हापासून अण्णांची जीप होती. रात्री-अपरात्री कुणाला साप चावला, कुणी बाळंतीण अडली, की जीप निघायची. हिंगोलीत जमलं नाही तर थेट नांदेड. डिझेलचा विषय अण्णांनी कधी काढला नाही. त्या गावात अण्णांच्या जीपमध्ये जन्मलेली माणसं आज बापे झाली आहेत. माझे अब्बा शेवटच्या दुखण्यात नांदेडला गेले तेही त्याच जीपमधून. आम्ही त्या गावचेही नव्हतो. तरी अण्णा आले होते.

उपकार न बोलता केला की तो फिटत नाही. अण्णांनी हे समजून उमजून केलं, की माणूस मुळातच भला होता? यावर मी पुष्कळ विचार केला आहे. दोन्ही खरं असावं, आणि तेच जास्त घातक.

ग्रामसभेच्या दिवशी अण्णा स्टेजकडे फिरकायचे नाहीत. माझ्या मशीनशेजारी लिंबाच्या सावलीत एक खुर्ची टाकलेली असायची, ती त्यांची. पहिल्याच सभेला त्यांनी मला हळू आवाजात सांगून ठेवलं होतं, "मुनीर, म्या टोपी काढून मांडीवर ठेवली की आवाज जरा खाली घेत जाय. लोकं उगाच लांबण लावतेत." अण्णा कायम हळूच बोलायचे. ऐकणाऱ्याने वाकून कान द्यावा लागायचा, आणि वाकलेला माणूस निम्मा कबूल झालेलाच असतो. टोपी मांडीवर गेली की माझं बटण डावीकडे जायचं. अब्बांची आठवण यायची आणि हात आपोआप फिरायचा.

एकदा तिथल्या निवडणुकीत एका उमेदवाराने ऐनवेळी अर्ज मागे घेतला. मी सहज विचारलं, "अण्णा, तुमी सांगितलं का त्याला?" अण्णा हसले. "मी काहून सांगू? ज्याचं त्याचं मन." हे उत्तर लक्षात ठेवा.

पुढे त्या गावचं सरपंचपद बाईसाठी राखीव झालं. अण्णांनी गोदाबाईला उभं केलं आणि ती निवडून आली. गोदाबाई गायरानाच्या कडेच्या वस्तीत राहायची. तिचा नवरा दत्ता अण्णांकडे सालगडी होता, म्हणजे वर्षभराच्या बोलीवर त्यांच्या शेतात राबायचा. ती स्वतः निंदायला, सोयाबीन काढायला जायची आणि चार शेळ्या पाळायची. अण्णांचा हिशोब सरळ होता. नवरा आपल्या शेतात, तर बायको आपल्या शब्दात. पहिली दोन वर्षं ती मधल्या खुर्चीत मांडीवर हात ठेवून बसली. ग्रामसेवक वाचायचे, ती मान डोलवायची, झेंड्याखाली फोटो निघायचा.

मग गायरानाचा विषय आला. सौर ऊर्जेची एक कंपनी गायरान मागत होती. अण्णा त्या बाजूने होते आणि त्यांच्या म्हणण्यात दम होता. आमच्याकडे मोटारीला लाइट रात्रीची मिळते. पिकाला पाणी द्यायला माणसं अंधारात साप-विंचवातून जातात. गावात हा प्रकल्प झाला तर लाइट दिवसा मिळेल, असं अण्णा सांगत होते. पण वस्तीतल्या सगळ्यांच्या शेळ्या त्याच गायरानावर चरायच्या. ते गेलं की शेळ्या गेल्या, आणि शेळ्या गेल्या की त्या बायकांच्या हातातली होती नव्हती ती एकुलती कमाई गेली. यात अण्णांना काय मिळणार होतं मला ठाऊक नाही. काहीच मिळणार नव्हतं, असं मानायला मात्र मन तयार होत नव्हतं.

सभेच्या काही दिवस आधी गोदाबाई भाड्याच्या जीपने सेनगावला आली आणि माझ्या दुकानाच्या पायरीशी उभी राहिली. आत या म्हटलं तरी येईना.

"मुनीरभाऊ, येक काम व्हतं."

"बोला की, सरपंचबाई."

"त्या दिशी माहा माइक चालू ठेवजा. मला बोलायचं हाय."

माझ्या डोक्यात एकदम घंटा वाजली. हिला अण्णांनी तर पाठवलं नाही? मुनीर आपलाच आहे की फितूर झाला, हे बघायला? मी जपून म्हणालो, "बाई, माइकचं काय, तो कधी खराब होईल सांगता येत नाही."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. "व्हय," म्हणाली, "ते म्या पाहून राह्यले दोन वर्षांपासून." आणि पदर खोचून स्टँडकडे चालू लागली.

ते वाक्य मला झोंबलं. घरी सांगितलं तर रजिया म्हणाली, "सच्ची बोली बिचारी." त्या दिवशी जेवण गोड लागलं नाही. बाई खरं बोलत असेल तर ती काय पणाला लावते आहे हे मला दिसत होतं. अण्णांच्या विरोधात बोलली की दत्ताचं काम गेलं. गप्प बसली तर गायरान गेलं आणि वस्तीत तोंड दाखवायची सोय राहिली नाही.

सभेचा दिवस उजाडला. शाळेच्या व्हरांड्यात खुर्च्या, मैदानात सतरंज्या, लिंबाखाली माझं मशीन आणि शेजारी अण्णांची खुर्ची. मला पहिली गोष्ट खटकली ती बायकांची. आमच्याकडे ग्रामसभेला बाया येतात त्या मोजक्या, आणि एका कोपऱ्यात चिकटून बसतात. त्या दिवशी वस्तीतल्या झाडून साऱ्या बाया आल्या होत्या आणि मैदानभर विखरून बसल्या होत्या. एक पाण्याच्या टाकीजवळ, एक फाटकाशी, दोघी-तिघी गड्यांच्या मधोमध. अण्णांनीही ते पाहिलं असावं, कारण ते खुर्चीत दोनदा सरसावून बसले.

ग्रामसेवकांनी ठराव वाचला आणि सवयीने माइक गोदाबाईपुढे धरला. तिने नुसतं 'मंजूर' म्हणायचं होतं. ती उठून उभी राहिली.

"ह्यो ठराव मला मंजूर न्हाई."

शेजारी हालचाल जाणवली. अण्णांनी टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. घाई नाही, राग नाही, उकडतंय म्हणून काढावी तशी. माझा अंगठा बटणावर होता.

मी काय केलं असतं? आता दिवाळी अंकात लिहितोच आहे तर छाती फुगवून काहीही सांगता येईल. पण बटण कोणत्या बाजूला फिरलं असतं ते मला त्या क्षणी माहीत नव्हतं आणि आजही नाही. कारण ती वेळच आली नाही. गोदाबाईने एकदा माझ्याकडे पाहिलं, माइकचं बटण स्वतःच्या हाताने बंद केलं आणि तो टेबलावर आडवा ठेवून दिला.

"गायरान गेलं तर आमी शेळ्या कुठं चारायच्या?" ती उघड्या आवाजात म्हणाली.

आणि टाकीजवळची बाई ओरडली, "गायरान गेलं तर शेळ्या कुठं चारायच्या?" मग फाटकाजवळची तेच म्हणाली, मग गड्यांमधल्या दोघी. गोदाबाई एक वाक्य बोलायची आणि थांबायची. वाक्य मैदानभर फिरून यायचं, मग ती दुसरं बोलायची. ज्याने सोयाबीनची काढणी पाहिली आहे त्याला हे नवीन नाही. बाया आपापल्या तासात, म्हणजे पिकाच्या ओळीत, वाकलेल्या असतात आणि या टोकाचा निरोप तासातासावरून त्या टोकाला जातो. पाणी संपलं, गाडी आली, मुकादम येऊन राहिला, सगळं असंच कळतं. त्या बाया वर्षानुवर्षं हेच करत आल्या होत्या. फक्त ते ग्रामसभेत कुणी केलं नव्हतं. माझे दोन भोंगे लिंबाला टांगलेले होते आणि त्यांचं काही कामच उरलं नव्हतं.

ठराव हात वर करून घेतला गेला. बाया सगळ्या हजर असल्यामुळे ठराव पडला. अण्णांनी टोपी डोक्यावर ठेवली, "बरं झालं, निकाल लागला," म्हणाले आणि उठून गेले. मी वायर गुंडाळत बसलो. मला वाईट वाटत होतं आणि रागही येत होता. बाई माझ्या दुकानापर्यंत आली होती, पण तिने माझ्यावर काडीचा भरवसा ठेवला नव्हता. मी तिच्यावर संशय घेतला म्हणावं, तर तिचा माझ्यावरचा संशय माझ्यापेक्षा पक्का निघाला. आणि तो चूक होता असं म्हणायला मला तोंड नव्हतं.

दत्ताचं काम दुसऱ्याच दिवशी गेलं. अण्णांनी त्याला चहा पाजून काढलं, म्हणे. मग एक नवलाची गोष्ट झाली. त्या पावसाळ्यात अण्णांच्या शेतात निंदायला बाया मिळेनात. एकीचं लेकरू आजारी, दुसरीकडे पाहुणे, तिसरीची कंबर धरलेली. सोयाबीनमध्ये गवत माजलं. मी त्या गावात उरुसाचे भोंगे लावायला गेलो होतो तेव्हा गोदाबाई भेटली. विचारलं, "बाई, तुमी सांगितलं का बायांना?"

ती हसली. "मी काहून सांगू, भाऊ? ज्याचं त्याचं मन."

तेच शब्द, तसंच हसणं. त्या दिवसापासून मी गोदाबाईकडेही तिरक्या नजरेने बघू लागलो. नाही म्हणायला तिने कामं चांगली केली. वस्तीत नळ आणला, शाळेच्या भिंती नीट केल्या. गायरान राहिलं आणि शेळ्या राहिल्या. माणसं अजून रात्रीच पाणी द्यायला जातात, हेही राहिलंच. कोण बरोबर होतं हे मला ठरवता येत नाही. पण हळूहळू माणसं तिच्या ओसरीवर बसू लागली. तिला न विचारता कुणी बोअर घेईना. ग्रामसेवक तिच्या बोलण्यात मध्ये बोलेनासे झाले. आणि तिचा आवाज, जो त्या दिवशी मैदानभर गेला होता, तो हळू झाला. आता तिच्याकडेही लोक कान देऊन वाकायचे.

अण्णा सभेला येत राहिले. लिंबाखालची खुर्ची मी टाकायचो, ते बसायचे. टोपी मात्र डोक्यावरच असायची. जीप कधीच भंगारात गेली होती आणि आता गावात गाड्याच गाड्या झाल्या होत्या. जीपमध्ये जन्मलेली पोरं आता मोटारसायकलवरून 'रामराम अण्णा' म्हणत न थांबता जायची.

मी धंदा सोडायच्या बेतात होतो तेव्हाची ही शेवटची सभा. झेंडावंदन झालं, जिलेबी वाटून झाली, विषय संपत आले. आणि शेजारची खुर्ची वाजली. अण्णा उठून उभे राहिले होते.

"मुनीर, तो माइक दे बरं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. त्यांच्या शेताकडे जाणारी पांदण वस्तीच्या मागून जाते. पावसाने ती वाहून गेली होती, ट्रॅक्टर जाईना. पूर्वी अण्णांना काही हवं असलं की दुसराच कुणी सभेत उठून मागायचा. यंदा कुणी उठलं नव्हतं. म्हणून आयुष्यात पहिल्यांदा अण्णा स्वतः मागायला उभे राहिले. मी बिनवायरचा माइक त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो बॅटरी धरावी तसा पोटाशी धरला. मी म्हणालो, "अण्णा, तोंडाजवळ धरा."

त्याच वेळी व्हरांड्यात गोदाबाईने डोक्यावरचा पदर सारखा केला. आणि तिची नजर माझ्याकडे आली.

माझं बटण डावीकडे गेलं. मी विचार केला नाही. कुणी सांगितलं नव्हतं, तंबाखूची पुडी पुढे केली नव्हती, खूण ठरली नव्हती. पदर हलला आणि हात फिरला. अण्णांचे नुसते ओठ हलू लागले.

"मुनीरभाऊ," गोदाबाई सगळ्यांदेखत म्हणाली, "आवाज काहून कमी केला? वाढवा. अण्णा बोलून राह्यले. समद्यांना ऐकू जाऊ द्या."

माझे कान तापले. मी बटण उजवीकडे फिरवलं, रागाच्या भरात जरा जास्तच. आणि लिंबावरच्या दोन्ही भोंग्यांतून अण्णांचा आवाज गावाने पहिल्यांदा ऐकला. आधी धाप ऐकू आली. मग कवळीचा आवाज. मग एक बारीक, कापरा आवाज म्हणाला, "माह्या शेताकडची... ती पांदण..." आणि खोकला आला. तो खोकला शाळेच्या भिंतीवर आपटून परत आला. ज्या आवाजासाठी माणसं वाकायची, तो एवढासा होता. मागे कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

"अण्णा, मागायची काय गरज व्हती?" गोदाबाई म्हणाली. "तुमचीच पांदण हाय. मंजूर." सगळ्यांचे हात वर गेले. अण्णांनी खाली बघितलं आणि माइक बंद कसा करायचा ते न कळल्यामुळे तसाच धरून उभे राहिले. मी तो त्यांच्या हातातून हळूच काढून घेतला. मला तेव्हा अण्णांची जेवढी दया आली, तेवढी शेवटच्या दुखण्यातल्या अब्बांचीही आली नसेल.

सभा उठल्यावर मी गोदाबाईला गाठलं. "बाई, तुमी तेव्हा पदर सारखा केला..."

"घसरला व्हता, भाऊ." तिने साधेपणाने सांगितलं. मग माझ्याकडे त्या दुकानाच्या पायरीवरच्याच नजरेने पाहिलं. "पण तुमी आवाज काहून कमी केला?"

तिने मला आवाज वाढवायला लावला तो म्हाताऱ्याचं ऐकू यावं म्हणून, की त्याचा आवाज किती बारीक आहे ते गावाला कळावं म्हणून, हे मला तिला विचारायचं होतं. विचारलं नाही. ती काय म्हणाली असती ते मला पाठ होतं.

मी लिंबाखाली येऊन भोंगे उतरवू लागलो. अण्णा अजून खुर्चीतच होते. सगळे पांगल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. सवयीने मी वाकून कान दिला.

"मुनीर, तुहा माइक आज बराबर नव्हता का रे? माहा आवाज असा काहून येऊन राह्यला व्हता?"

मी माइक हातात घेतला, त्यावर दोन टिचक्या मारल्या, बटण खालीवर करून बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"व्हय अण्णा," मी म्हणालो, "माइकच खराब झालाय."

"तरीच," अण्णा म्हणाले. त्यांनी टोपी नीट बसवली, खुर्चीच्या हातावर भार देऊन उठले आणि जाता जाता माझ्या खांद्यावर हात ठेवला. "दुरुस्त करून घे. लोकाईला बोलायचं असतंय."